फादरची चिठ्ठी आणि आर्चबिशपचं पत्र

शेजारच्या वहिनी काल पुन्हा आल्या. हातात मुलीच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स आणि डब्यात गरम शंकरपाळे. ज्युनिअर केजीचं ॲडमिशन. "ताई, तुमच्या फादरची एक चिठ्ठी मिळाली असती तर..." ॲडमिशनच्या दिवसांत ठाण्यात कॅथलिक असणं म्हणजे मंत्रालयात भाऊ असल्यासारखं. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये दर रविवारी मिस्सेला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला जाते, एवढंच माझं वजन. फादर मला ओळखतात तेही मी बेसूर गाते म्हणून!

वहिनींचं चुकत नाही. कॉन्व्हेंटमध्ये चिठ्ठी चालते हे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. आणि गंमत अशी, की याच चिठ्ठीवाल्या लोकांना आर्चबिशपने, म्हणजे एका प्रांतातल्या चर्चच्या प्रमुखाने, उघड पत्र लिहिलं की धर्म राजकारणात घुसल्याचा साक्षात्कार होतो.

मे २०१८ आठवतो. दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी ८ मेला आपल्या चर्चना पत्र लिहिलं. देशातलं राजकीय वातावरण अस्वस्थ आहे, घटनेतल्या लोकशाही तत्त्वांना धोका आहे, म्हणून दर शुक्रवारी एक वेळ उपास करा आणि प्रार्थना करा. ते बाहेर आलं आणि टीव्हीवर हलकल्लोळ. तेव्हाचे गृहमंत्री राजनाथ सिंह यांनाही बोलावं लागलं. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये तर मीच आरोपी. "तुमच्या आर्चबिशपने काय लिहिलंय बघ." अरे बाबा, ते दिल्लीचे. ठाणं मुंबईच्या आर्चबिशपकडे येतं. एका आर्चबिशपचा हुकूम दुसऱ्याच्या हद्दीत चालत नाही. पण हे भजी खाता खाता कोण ऐकणार?

पत्रात कुठल्या पक्षाचं नाव नव्हतं. तरी माझं एका वाक्यावर भांडण आहेच. २०१९ मध्ये नवं सरकार येईल, असं त्यात होतं. निवडणुकीनंतर येणारं प्रत्येक सरकार नवंच, हा खुलासा मला लंगडा वाटला. एवढ्या मोठ्या खुर्चीवरच्या माणसाने शब्द दोनदा तपासावा. त्याआधी नोव्हेंबर २०१७ मध्ये गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मॅकवान यांनी तर गुजरातच्या ऐन निवडणुकीत, राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा म्हणून प्रार्थना करायला सांगितलं. त्यांना नोटीस आली. मला ते पत्र पटलं नाही, आजही पटत नाही. कोण शक्ती, त्यांनी नेमकं काय केलं, काहीच धड नाही. असं मोघम लिहिलं की ज्याला जो अर्थ हवा तो तो काढतो.

पत्र कसं असावं? मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो. १७ फेब्रुवारी १९८० ला त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना लिहिलं : आमच्या लष्कराला मदत पाठवू नका, ती आमच्याच लोकांवर उलटते. मागणी साफ, कोणाकडे तेही साफ. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की त्यांनी ते आधी रविवारच्या मिस्सेत वाचून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची प्रवचनं रेडिओवरून खेडोपाडी जायची, मारल्या गेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावं ते त्यात वाचायचे. त्या पत्राने मदत थांबली नाही. २३ मार्चला त्यांनी सैनिकांना थेट सांगितलं, हे दमन थांबवा. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या चॅपलमध्ये मिस्सा करताना त्यांना गोळी घातली. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये त्यांना संत घोषित केलं.

आमच्याकडे आर्चबिशपचं असं पाळकीय पत्र चर्चमध्ये वाचायला घेतलं की शेवटच्या बाकावर घड्याळं बघणं सुरू होतं. कोणाला पार्किंगची काळजी, कोणाचं पोर रडतंय, आणि डोक्यावर पंख्यांची घरघर. एका कानाने ऐकायचं, दुसऱ्याने सोडायचं. खरं सांगते, मीही त्यातलीच. पण ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं जातं, खाली सही असते, दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यावर माझ्याशी कँटीनमध्ये भांडू शकता. फादरच्या चिठ्ठीवर कोण भांडणार? ती पाकिटात जाते, पाकीट ड्रॉवरमध्ये जातं, आणि कुठल्या तरी पोराची सीट जाते, ज्याच्या आईला माझ्यासारखी शेजारीण नसते. घटनेच्या ३० व्या कलमाने आम्हाला शाळा चालवायचा हक्क दिलाय, त्याचा अर्थ शेजाऱ्यांना सीटा वाटणं असा होत नाही.

वहिनींचा डबा अजून ओट्यावर आहे. रिकामा कसा द्यायचा म्हणून थोडी चिवडा-बर्फी भरतेय. फॉर्म भरायला बसेन म्हणाले आहे. फादरकडे मात्र मी जाणार नाही, हे डबा देतानाच सांगावं लागेल.