‘चार एसएसडी, रेड 5 आणि डेटाबेस सुसाट’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

सर्व्हर-नेटवर्किंगची कामं करणाऱ्या बहुतेकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय. डेटाबेस स्लो आहे? चार एसएसडी (चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्क) घ्या, रेड 5 (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत, त्यात एक डिस्क गेली तरी डेटा राहतो) लावा, एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का उतरल्याची खात्री करणं) बंद करा, स्पीड दहापट. रेड असल्यामुळे बॅकअपचा खर्च पण वाचला, आणि क्लाउडवर असाल तर डिस्कचा विचारच सोडा. मस्जिद बंदर, भिवंडी, वाशी मार्केट इकडच्या व्यापाऱ्यांचं बिलिंग ज्या सर्व्हरवर चालतं ते सर्व्हर लावणारी पोरं हे वाचून खरंच तसं सेटअप करतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला दावा, ‘रेड 5 मधे जागा पण वाचते आणि स्पीड पण मिळतो’. जागा वाचते, मान्य. 4 टीबीच्या चार डिस्कमधे रेड 5 ला 12 टीबी मिळतात आणि रेड 10 ला, म्हणजे सगळ्या डेटाच्या दोन कॉपी ठेवणाऱ्या पद्धतीला, 8. वाचायला पण रेड 5 ठीक आहे. घोळ होतो लिहिताना, कारण डेटाबेस 8 किंवा 16 केबीची छोटी छोटी पानं इकडेतिकडे लिहितो, आणि असं एक पान लिहायला रेड 5 ला आधी जुना डेटा वाचावा लागतो, मग जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत बनवायची हिशोबाची नोंद) वाचावी लागते, मग नवा डेटा लिहायचा, मग नवी पॅरिटी लिहायची, म्हणजे एका राइटचे चार आयओ (डिस्कवरची वाचण्या-लिहिण्याची कामं) झाले. रेड 10 मधे तेच काम दोनात होतं. आता हिशोब करून बघा: 7200 आरपीएमची साधी हार्डडिस्क रँडममधे साधारण 80 आयओपीएस (सेकंदाला होणारे आयओ) देते, अशा चार म्हणजे 320, भागिले चार, परत 80. चार डिस्कचे पैसे मोजले आणि रँडम राइट एकाच डिस्कएवढा! रेड 10 त्याच डिस्कवर 160 देतं. एसएसडी लावल्यावर आकडे मोठे होतात पण चारचा भागाकार तसाच राहतो. मोठ्या फाइल सलग लिहायच्या असतील, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग किंवा बॅकअपची डिस्क, तिथे पूर्ण पट्टा (सगळ्या डिस्कवर पसरलेला एक तुकडा) जुनं काही न वाचता एकदम लिहिता येतो, त्यामुळे रेड 5 किंवा 6 खुशाल वापरा, माझं काही म्हणणं नाही.

आणि डिस्क गेल्यावर काय होतं ते मेसेजमधे कुठेच नाही. 8 टीबीची हार्डडिस्क 150 एमबी प्रति सेकंदाने रिबिल्ड झाली, म्हणजे बदललेल्या नव्या डिस्कवर डेटा परत भरला, तरी जवळपास 15 तास लागतात, तेही सर्व्हरवर दुसरं काही काम नसेल तर. तेवढ्या सगळ्या वेळात रेड 5 मधली अजून एक डिस्क गेली की खेळ खल्लास, आणि गेलेल्या डिस्कवरचं प्रत्येक पान बाकी सगळ्या डिस्क वाचून परत बनवावं लागतं, म्हणजे दिवसभर काउंटरवर बोंब.

‘एसएसडीचा स्पीड 550 एमबी, म्हणजे काम झालं’. हा आकडा खोटा नाही, पण तो सलग वाचण्या-लिहिण्याचा आहे. एका सुकामेव्याच्या होलसेलरकडे दिवाळीच्या आधी बिल सेव्ह व्हायला वेळ लागत होता, तिथे मी आयओस्टॅट (डिस्क किती काम करतेय ते दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर डिस्कवर जेमतेम 3-4 एमबी लिहिलं जात होतं आणि राइटचा अवेट (एक राइट पूर्ण व्हायला लागणारा सरासरी वेळ) मात्र 40 मिलिसेकंदाच्या वर. बिल सेव्ह केलं की डेटाबेस आधी लॉगमधे नोंद करतो, डिस्कला सांगतो की हे खरोखर पक्कं लिहून दे, आणि डिस्कने हो म्हणेपर्यंत कमिट (नोंद पक्की करणं) थांबून राहतो. काउंटरवरचा माणूस वाट बघत असतो ती ह्या एका ‘हो’ची. लॅमिंग्टन रोडवर मिळणारी घरगुती एसएसडी इथे अडकते कारण तिला प्रत्येक वेळी खरंच फ्लॅशवर लिहावं लागतं, शिवाय तिची सुरुवातीची कॅश (वेगवान तात्पुरती जागा) भरली की स्पीड धाडकन खाली येतो. एंटरप्राइज एसएसडीमधे कपॅसिटर असतात, लाइट गेली तरी मेमरीतला डेटा फ्लॅशवर उतरवण्याइतकी पॉवर त्यात असते, त्यामुळे ती काही मायक्रोसेकंदात बिनधास्त हो म्हणते. डेटाशीटवर पॉवर लॉस प्रोटेक्शन लिहिलेलं आहे का ते बघा, पैसे त्याचे द्या. आणि रेड कंट्रोलर (रेड सांभाळणारं कार्ड) असेल तर त्याची बॅटरी तपासा, ती मेली की बरेच कंट्रोलर गुपचूप राइट-थ्रूवर (प्रत्येक राइट थेट डिस्कवर लिहून मगच हो म्हणण्यावर) जातात आणि मग ‘काहीच बदललं नाही तरी अचानक स्लो झालं’ म्हणून फोन येतो.

आता सगळ्यात घातक सल्ला, ‘एफसिंक बंद करा, यूपीएस आहेच ना’. कृपा करून करू नका. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी ग्रिड बसली आणि मुंबईची लाइट काही तास गेली, ऑफिसातला यूपीएस किती टिकतो ते तुम्हाला माहितीये. आणि लाइट राहू दे, एसएमपीएस (सर्व्हरचा पॉवर सप्लाय) उडाला, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) लटकला, कोणी वायर ओढली, ह्यात यूपीएस काय करणार? पोस्टग्रेस ह्या डेटाबेसमधे एफसिंक बंद असताना असं झालं तर शेवटची दोन बिलं जाण्यावर भागत नाही, अख्खा डेटाबेस करप्ट होऊ शकतो. स्पीड हवाच असेल आणि शेवटच्या क्षणाच्या नोंदी गेल्या तर चालणार असतील तर सिंक्रोनस कमिट (डिस्कच्या ‘हो’साठी प्रत्येक वेळी थांबणं) बंद करायची सोय आहे, त्यात थोड्या नोंदी जातात पण डेटाबेस धड राहतो. मायएसक्यूएल ह्या दुसऱ्या डेटाबेसमधे कमिटच्या लॉग फ्लशची (लॉग डिस्कवर उतरवण्याची) सेटिंग 1 वरून 2 केली तर लाइट गेल्यावर साधारण एका सेकंदाचं काम जाऊ शकतं. पैशाचा हिशोब असलेल्या सर्व्हरवर मी ह्यातलं काहीच लावणार नाही.

रेड म्हणजे बॅकअप हे तर वाचूनच राग येतो. कोणी व्हेअर (कुठल्या नोंदी ते सांगणारी अट) न लावता डिलीट मारलं तर ते सगळ्या डिस्कवर त्याच क्षणी होतं. फाइल लॉक करून पैसे मागणाऱ्या रॅन्समवेअरचं पण तेच. बॅकअप वेगळ्या मशीनवर, एक कॉपी ऑफिसच्या बाहेर, तळमजल्यावर सर्व्हर असेल तर पावसाळ्याच्या आधी नक्कीच, आणि तो रिस्टोर करून बघितलेला पाहिजे.

क्लाउडचं थोडक्यात. एडब्ल्यूएस (अमेझॉनचं क्लाउड) च्या मुंबई रीजनमधे पण डिस्क तुम्हीच निवडता. जुन्या जीपी2 ह्या डिस्कच्या प्रकारात 1 जीबीला 3 आयओपीएस, म्हणजे 100 जीबीच्या डिस्कला कायमचे फक्त 300. वर 3000 पर्यंतचा बर्स्ट (साठवलेल्या क्रेडिटवर मिळणारा तात्पुरता जास्त वेग) मिळतो पण पूर्ण वेगाने वापरला तर अर्ध्या तासाच्या आसपास ते क्रेडिट संपतं, म्हणून सकाळी टेस्टिंगला मस्त चालतं आणि महिनाअखेरीच्या रिपोर्टला झोपतं. नव्या जीपी3 ला सुरुवातीपासूनच 3000 मिळतात, साइज कितीही असो. अजून जीपी2 वर असाल तर आधी ते बदला, चालू डिस्कवरच बदलता येतं.

छोट्या ऑफिसला कोणी विचारलं तर माझं उत्तर असं: पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या दोन एनव्हीएमई (जास्त वेगवान एसएसडी) मिरर करा, म्हणजे एकीची हुबेहूब कॉपी दुसरीवर ठेवा, जागा कमी पडली तर चार घेऊन रेड 10, उरलेल्या पैशाची रॅम. लॉग वेगळ्या डिस्कवर टाकायचा फायदा हार्डडिस्कवर भरपूर होतो, तिथे हेडची धावपळ वाचते, चांगल्या एसएसडीवर तो फार जाणवत नाही. आणि हे सगळं विकत घ्यायच्या आधी स्लो क्वेरीचा लॉग चालू करून आठवडाभर बघा, इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची यादी) नसेल तर अख्खं टेबल वाचणाऱ्या क्वेरीला कुठलीच डिस्क पुरत नाही.