मेक की डू?

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत एक ठरलेला नियम असतो: काही नवं तयार झालं तर मेक, नुसतं काम असेल तर डू. आणि पुढच्याच पानावर 'मेक द बेड'! अरे, पलंग कोण तयार करतंय? पलंग आधीपासून आहेच, फक्त चादर नीट घातली. होमवर्क डू, पण त्यातली चूक मात्र मेक. बिझनेस डू, त्यातला प्रॉफिट मेक. कुठे गेला नियम?

राग इंग्रजीवर नाही. अशा जोड्या आपल्याकडेही आहेत. आपण हाक मारतो, गप्पा मारतो, त्यात मारणं कुठे असतं? ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञाने १९४२ मध्येच अशा क्रियापदांना 'लाइट', म्हणजे हलकी, म्हटलं होतं. अर्थाचं ओझं नाम उचलतं, क्रियापद नावापुरतं. मग आजही शब्दयाद्यांत 'मेक म्हणजे बनवणे, डू म्हणजे करणे' एवढंच का छापतात?

पोरगं बिचारं 'डू अ मिस्टेक' लिहितं, कारण मराठीत चूक करतात. त्याच्यावर लाल रेघ, गुण गेला, पण का ते कोणीच सांगत नाही. जोडीनेच शिकवा ना! 'मिस्टेक'शेजारी 'मेक', 'फेवर'शेजारी 'डू'. 'बाथ'ला ब्रिटिश लोक बहुधा 'हॅव' लावतात, अमेरिकन 'टेक', आणि दोन्ही बरोबर, हेही सांगून टाका. जो नियम दोन पानंही टिकत नाही, तो पोरांच्या माथी का मारता?