चालू द्या, चालू द्या

माझ्या बाबांनी आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, सिगारेट ओढली नाही, आणि नागपुरात जन्म काढून तंबाखू-सुपारीचा खर्रासुद्धा तोंडात टाकला नाही. मार्चमध्ये त्यांना हार्ट अटॅक आला. दोन स्टेंट पडले. बीपी, शुगर, झोप सगळं विचारून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घरी कोणी सिगारेट ओढतं का? कामाच्या ठिकाणी?" मी लगेच "नाही" म्हटलं. बाबा छताकडे बघत हळूच म्हणाले, "दुकानाला लागून पानठेला आहे."

बर्डीच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजाराच्या, मागच्या गल्लीत बाबांचं झेरॉक्स-टायपिंगचं छोटं दुकान आहे. 24 वर्षं झाली. ठेला शटरपासून चार हातांवर. त्याच्या खांबाला पेटती सुतळी टांगलेली असते. लोक तिच्यावर सिगारेट पेटवतात आणि सावलीसाठी आमच्या पायरीवर येऊन उभे राहतात. उन्हाळ्यात तर विचारू नका. कूलर ठेल्याच्याच बाजूच्या खिडकीत आहे, आणि कूलर बाहेरची हवा ओढतो. मे महिन्यात पारा 45 च्या घरात असताना ओल्या वाळ्याचा वास आणि सिगारेटचा धूर, दोन्ही थेट बाबांच्या तोंडावर. शाळा सुटल्यावर मी तिथे बसून अभ्यास करायची. तो मला दुकानाचाच वास वाटायचा.

कधी कोणी विचारलंच, "काका, त्रास तर नाही ना?", तर बाबांचं उत्तर ठरलेलं. "नाही नाही, चालू द्या."

अटॅक धुरानेच आला असं एका माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबांचं वय 61 आहे, बीपीही आहे. मला ते मान्य आहे. पण त्यानंतर मी जे वाचलं त्याने झोप उडाली. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसाला हृदयरोगाचा धोका 25 ते 30 टक्क्यांनी वाढतो, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य सल्लागाराचा, 2006 चा अहवाल सांगतो. आपल्याला वाटतं थोड्याशा धुराने काय होतंय. हृदयाच्या बाबतीत थोडाही पुरतो. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, चिकट व्हायला लागतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नीट काम करेनासं होतं, आणि हे व्हायला वर्षं लागत नाहीत, काही मिनिटांत सुरू होतं. आधीच अरुंद झालेल्या नळीत मग एक गुठळी पुरेशी असते.

स्कॉटलंडमध्ये मार्च 2006 पासून बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपान बंद केलं. पुढच्या काही महिन्यांत, ज्या हॉस्पिटलांची पाहणी झाली तिथे हार्ट अटॅक आणि तशाच त्रासाने भरती होणारे 17 टक्क्यांनी कमी झाले. त्या घटीत दोन तृतीयांश माणसं सिगारेट न ओढणारी होती. हे वाक्य मी तीनदा वाचलं. म्हणजे माझ्या बाबांसारखीच माणसं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने 2001 मध्येच सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली, 2003 मध्ये कायदा झाला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नवे नियम लागू झाले. ऑफिस, दुकान, हॉटेल, बसस्टँड, रेल्वे स्टेशन, सगळं त्यात आलं. दंड 200 रुपयांपर्यंत. रस्त्यावर उभा राहणारा मात्र त्यातून सुटतो. म्हणजे आमच्या शटरच्या आत गुन्हा आणि पायरीखाली मुभा, आणि धूर तर कूलरमधून येतो.

महाराष्ट्रात ओढणारे आहेत तरी किती? 2016-17 च्या सर्वेक्षणात राज्यातल्या प्रौढांपैकी 3.8 टक्के. आपल्याकडे खर्रा, तंबाखू खाणारे जास्त, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण शंभरातले चार ओढतात आणि उरलेले शहाण्णव भिडेपोटी गप्प बसतात, हे मला आता सहन होत नाही. लग्नाच्या हॉलच्या दारात आपण तोंडाला पदर लावून पुढे सरकतो. ऑटोवाल्याला "भाऊ, विझवता का" म्हणायला जीभ रेटत नाही. आपण निदान पुढे तरी सरकतो. दुकानात बसलेला, हॉटेलात चहा देणारा पोरगा, ठेल्यावरचा माणूस स्वतः, यांनी कुठे सरकायचं?

म्हणून मी ठेलेवाल्या भाऊंशी बोलायला गेले. भांडायच्या तयारीने गेले होते. ते ऐकून एकदम गप्प झाले, मग म्हणाले, "मले काय माहीत जी, काका तर कधी बोललेच नाही." त्याच संध्याकाळी त्यांनी सुतळी पलीकडच्या खांबाला बांधली. दोन महिन्यांपासून त्यांनाही खोकला आहे, ते दाखवून घेतो म्हणाले. कूलर आम्ही मागच्या खिडकीत हलवला. 24 वर्षांत ही दोन कामं कोणालाच सुचली नव्हती.

आता बोर्ड करायला टाकलाय. नियमाप्रमाणे निदान 60 बाय 30 सेंटीमीटरचा, "धूम्रपान निषिद्ध क्षेत्र, येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे". बाबा म्हणाले, "अक्षरं जरा लहान घे, गिऱ्हाइकांना वाईट वाटेल." तक्रार कोणाकडे करायची, ते नावही लावावं लागतं. ते म्हणाले, "तुझं टाक."

मी बाबांचंच दिलंय.