दुसऱ्यांच्या सिनेगॉगमध्ये जाताना आपला सिद्दूर घरी ठेवायचा नसतो

परदेशी निघालेल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) मंडळींना सिद्दूरबद्दल, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकाबद्दल, एक सल्ला हमखास मिळतो: “अश्केनाझी सिनेगॉगमध्ये जाताय ना? मग आपला सेफार्दी सिद्दूर घरीच ठेवा. शब्द न् शब्द त्यांचाच म्हणा. नाहीतर यजमानांचा अपमान होतो, आणि प्रार्थनाही लागू पडत नाही.” अश्केनाझी म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची पद्धत; सेफार्दी म्हणजे मूळ स्पेनकडच्या ज्यूंची, आणि आपण तीच पाळतो.

“अपमान होतो.” वाद उभा राहील असं वेगळं वागू नये, हे मिश्ना, म्हणजे जुना तोंडी नियमसंग्रह, सांगते (पसाहीम 4:1). तोरातल्या (मोशेच्या पाच पुस्तकांतल्या) ‘अनुवाद’ 14:1 वरून तट पाडू नका, असा अर्थ मिश्नावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद काढतो. दोन्हींचा रोख चारचौघांत दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या गोष्टींवर आहे. ओठांतल्या ओठांत आपल्या पद्धतीने म्हटलेल्या अमिदाने (उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेने) तट पडत नाही. तेफिलीनचं, म्हणजे हाताला आणि डोक्याला बांधायच्या चामडी पेट्यांचंही तेच. अश्केनाझी हातासाठी एक आणि डोक्यासाठी एक असे दोन आशीर्वाद म्हणतात, आपण एकच. शेजाऱ्याचे दोन ऐकून आपण दुसरा जोडायचा नाही.

“शब्द न् शब्द त्यांचाच.” मोठ्याने म्हणायचं असेल तिथे हे अगदी बरोबर आहे. सकाळच्या केदुशाची (अमिदा मोठ्याने चालू असताना सगळ्यांनी मिळून म्हणायच्या पवित्रतेच्या घोषाची) सुरुवात आपल्याकडे ‘नकदिशाख’ने होते, त्यांच्याकडे ‘नेकदेश’ने. तिथे त्यांच्यासोबतच म्हणावं. ‘कादोश, कादोश, कादोश’ तर दोघांचं एकच आहे. कद्दीशला (देवाच्या नावाच्या स्तुतीच्या प्रार्थनेला) ते उभे राहतात, आपणही उभं राहावं. कद्दीशच्या उत्तरात ते ‘आलमाया’वर, म्हणजे ‘आमेन’नंतर 7 शब्दांवर थांबतात. आपण 28 शब्दांपर्यंत जातो, तोवर त्यांचा हजान (प्रार्थना चालवणारा) कद्दीशमधल्या ‘बेरीख हू’च्या पुढे गेलेला असतो आणि आपलं उत्तर हुकतं. पुढे उभं राहून तेफिला (प्रार्थना) चालवायची विनंती झाली, तर मोठ्याने म्हणायचं ते सगळं त्यांचंच. ते नीट येत नसेल तर सरळ नाही म्हणावं.

तोराच्या वेळची गफलत जास्त जड जाते. आपला सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) कठीण पेटीत उभा असतो, उघडून वाचनाआधी दाखवतात. त्यांचा सेफेर दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेला, तिरक्या मेजावर आडवा, आणि वाचन झाल्यावर उचलायचा. उचलण्याआधी मजकुराचे साधारण तीन स्तंभ उघडे ठेवतात. मग दांड्यांची खालची टोकं मेजाच्या कडेवरून खाली ओढायची, गुडघे वाकवायचे आणि सेफेर उभा झाला की उठायचं. नुसत्या मनगटांच्या जोरावर उचलायला गेलं की एक बाजू कलंडते. सराव नसेल तर हा मान नम्रपणे नाकारावा. तोरासाठी बोलावलं तर मात्र जरूर जा, फक्त ‘बारखू’ या सुरुवातीच्या हाकेआधी आपण म्हणतो ते ‘अदोनाय इम्माखेम’ तिथे म्हणू नका.

“प्रार्थना लागू पडत नाही.” खरा धोका उलट बाजूने आहे. अनोळखी सिद्दूरात पानं चाळताना अमिदातली हिवाळ्यापुरती पावसाची विनंती सुटते. आपण हिवाळ्यात ‘बारेखेनू’ऐवजी ‘बारेख आलेनू’ हा अख्खा आशीर्वादच बदलतो. त्यांच्याकडे त्याच आशीर्वादात ‘वेतेन ताल ऊमातार’ एवढीच भर पडते, म्हणून ती नजरेतून निसटते. अमिदातल्याच पुढच्या ‘शोमेआ तेफिला’ या आशीर्वादाच्या आत लक्षात आलं तर तिथे विनंती घालता येते. अमिदा संपवून पावलं मागे घेतल्यावर लक्षात आलं, तर अमिदा पहिल्यापासून. इस्राएलमध्ये ही विनंती ज्यू पंचांगातल्या हेश्वान महिन्याच्या 7 तारखेपासून (ऑक्टोबर-नोव्हेंबर) सुरू होते, मुंबई-पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला. तिथून इकडे किंवा इकडून तिथे त्या दिवसांत प्रवास असेल, तर निघण्याआधीच आपल्या हजानला विचारून घ्या.

आपला छोटा सिद्दूर सामानात नको, खिशात ठेवा.