लुईझियानाच्या कायद्याचं अर्धंच सांगितलं जातंय

‘अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याने 2008 मध्ये कायदा करून शिक्षकांना उत्क्रांतीवर प्रश्न विचारायचं स्वातंत्र्य दिलं. सुप्रीम कोर्टानेही तो रद्द केला नाही. उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे हे अमेरिकेला कळलं, आपणही मुलांना दोन्ही बाजू शिकवाव्यात.’ या अर्थाचा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत येतो. मी दहावीला विज्ञान शिकवते. तो वाचून गप्प बसवत नाही.

आधी स्वातंत्र्याचं बघू. ‘माणूस माकडापासून झाला, मग माकडं अजून कशी?’ हा प्रश्न माझ्या वर्गात दर वर्षी येतो. आजची माकडं आपली पूर्वज नाहीत, त्यांचे आणि आपले पूर्वज एक, हे त्यातूनच समजावता येतं. असे प्रश्न विचारायला कायदा लागत नाही. लुईझियानाचा कायदा चिकित्सक विचाराची भाषा करतो, पण नावं चारच विषयांची घेतो: उत्क्रांती, जीवसृष्टीचा उगम, जागतिक तापमानवाढ आणि मानवी क्लोनिंग. गुरुत्वाकर्षणाचं किंवा अणूचं नाव त्यात नाही. खरी तरतूद पुढे आहे: पाठ्यपुस्तकाच्या जोडीला शिक्षकाला पूरक साहित्य वर्गात आणता येतं. ते कोणतं? विधेयक मांडणारे सिनेटर बेन नेव्हर्स यांनीच तेव्हा एका वृत्तपत्राला सांगितलं होतं की ते विधेयक लुईझियाना फॅमिली फोरम या धार्मिक संघटनेने सुचवलं, आणि डार्विनसोबत निर्मितीवादाचीही चर्चा व्हावी असं त्या संघटनेला वाटतं. निर्मितीवाद म्हणजे देवाने सजीव आजच्यासारखेच घडवले ही श्रद्धा.

सुप्रीम कोर्टाबद्दलचं वाक्य तर सरळ दिशाभूल करणारं आहे. 2008 चा कायदा त्या कोर्टापुढे गेलेलाच नाही. गेला होता तो याच राज्याचा 1981 चा कायदा. उत्क्रांती शिकवली तर निर्मितीवादही शिकवा, अशी सक्ती त्यात होती. 1987 मध्ये कोर्टाने 7 विरुद्ध 2 मतांनी तो घटनाबाह्य ठरवला. पुढच्या कायद्यात निर्मितीवादाचं नावच आलं नाही, ते यामुळे. समोरच्या दाराने बाहेर काढलेलं मागच्या दाराने आत आलं, असं माझं मत आहे.

आता ‘नुसती थिअरी’. मराठीत आपण उत्क्रांतीचा सिद्धांत म्हणतो, आणि सिद्धांत म्हणजे पुराव्याने सिद्ध होऊन आलेला निष्कर्ष. फिरणाऱ्या मजकुरात नेमका हाच शब्द टाळून ‘थिअरी’ घातलाय. सिद्धांताची ताकद बघायची तर टिक्टालिक या प्राचीन जलचराचा जीवाश्म बघा. मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीव साधारण कुठल्या काळात असायला हवा, हे संशोधकांनी आधी ठरवलं. त्या वयाचे, उथळ पाण्यात साचलेले खडक कॅनडाच्या उत्तरेला एल्समेअर बेटावर होते. तिथे अनेक मोहिमा काढल्यावर 2004 मध्ये जीवाश्म मिळाला. वय साधारण 37.5 कोटी वर्षं. अंगावर माशासारखे खवले आणि पोहायचे पर, पण परांच्या आत मनगटासारखी हाडं, आणि मान मोकळी. निर्मितीवादाने कुठल्या खडकात काय सापडेल असं कधी आधी सांगितलंय? म्हणून ती विज्ञानाची दुसरी बाजू होत नाही. उत्क्रांतीत खरे वाद आहेत, बदलांच्या वेगावर आहेत, नैसर्गिक निवडीचा वाटा किती यावर आहेत. ते जरूर शिकवावेत.

‘अमेरिकेला कळलं’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की हाच कायदा रद्द व्हावा म्हणून झॅक कॉपलिन या लुईझियानातल्याच शाळकरी मुलाने मोहीम उभारली आणि 70 हून अधिक नोबेल विजेते तिच्या पाठीशी उभे राहिले. विधिमंडळाने ऐकलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि ‘आपणही’? एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा 2023 मध्ये 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा भाग दोनमधला पहिलाच धडा आहे. माझ्या वर्गातली जी मुलं पुढे कॉमर्सला किंवा आर्ट्सला जातात, त्यांची उत्क्रांतीशी शाळेतली शेवटची भेट तीच.