आज्यांनी कुठे कोर्स केला होता, म्हणे

परवा सकाळी पोहे-जिलबी चालू असताना आमच्या आत्येसासूबाईंनी फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला, आणि दुपारपर्यंत तोच मेसेज सुदामा नगरच्या भिशीत आणि रामबागेतल्या माहेरच्या ग्रुपवरही येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: आपल्या आज्यांची दहा-दहा बाळंतपणं घरात झाली, कुणाला ट्रेनिंगवाली बाई लागली नाही. मालिशवाली आणि आई असली की बास. दूध पाजणं निसर्ग शिकवतो. डिप्रेशन-बिप्रेशन म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले. आणि बाळंतिणीच्या देखभालीचे कोर्स हे फॉरेनचं फॅड आणि पैसे उकळायचा धंदा. खाली जोडलेले हात आणि 'प्रत्येक आईपर्यंत पोचवा'.

तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबत गेलं, म्हणून आता नीट लिहिते.

आधी आज्या. माझ्या आजीची बाळंतपणं नऊ, त्यातली मोठी झालेली मुलं पाच. हा हिशोब असल्या मेसेजमध्ये येत नाही, कारण जी गेली त्यांची नातवंडं फॉरवर्ड करायला नाहीत. आणि आजी 'न शिकलेली' होती हे कुणी सांगितलं? सुईण सासूच्या नाहीतर आईच्या मागे वर्षानुवर्षं फिरून शिकायची, घरातल्या पोरी दहाव्या वर्षापासून शेगडी फुंकायला, बाळंतिणीचं पाणी तापवायला, दुपटी वाळत घालायला असायच्या, बघून-बघून हात तयार व्हायचा. ती शाळाच होती, फी नव्हती एवढंच. ती शाळा आता बंद पडली. मी माझ्या लेकीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा आयुष्यात त्याआधी एकही तान्हं बाळ धरलेलं नव्हतं, आणि माझी आईसुद्धा माझ्यानंतर तीस वर्षांनी पहिल्यांदा बाळंतीण सांभाळत होती, रोज फोनवर मावशीला विचारत होती शेक किती द्यायचा. मग हे शिक्षण कुठेतरी मिळायला नको?

आता मालिशवाली. इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण हे घरात घडलंय.

माझ्या धाकट्या जावेचं सिझर झालं, चौथ्या दिवशी डिस्चार्ज, फाइल हातात दिली, टाके दाखवायला अमुक तारखेला या म्हणाले, झालं. सातव्या दिवशी तिचं डोकं असं काही दुखायला लागलं की उजेड सहन होईना. आमच्या मालिशवाल्या मावशी वीस वर्षं हेच काम करतात, हात इतका छान की बाळ तेल लावतानाच झोपतं, त्या म्हणाल्या वारं शिरलंय, कान बांधा. आम्ही कान बांधले, ओव्याची धुरी दिली, सासूबाईंनी दृष्टही काढली. संध्याकाळी खालच्या मजल्यावरची स्टाफ नर्स झबलं-टोपडं घेऊन बाळ बघायला आली, तिने सहज विचारलं डोळ्यांसमोर चमकतंय का गं, आणि उत्तर ऐकून तशीच खाली पळत जाऊन मशीन घेऊन आली. बीपी १७०/११०. ती रात्र आयसीयूत गेली, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम द्यावं लागलं. नऊ महिने बीपी नॉर्मल होतं हो! बाळ झाल्यावरही सहा आठवड्यांपर्यंत ते असं चढू शकतं, झटकेसुद्धा येऊ शकतात, हे घरातल्या सहा मोठ्या माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

मावशींचा दोष मी मानत नाही. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. उलट मला वाटतं ट्रेनिंग आधी कुणाला द्यायचं तर त्यांनाच, कारण डॉक्टर एकदा बघतात आणि मावशी रोज तासभर बाळंतिणीच्या अंगाशी असतात. त्यांना नाडीपरीक्षा शिकवायची नाहीये, हात कधी थांबवायचा हे शिकवायचंय. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबली की दुखली तर ती चोळायची नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते, चोळून ती सुटली तर थेट फुप्फुसात जाते. आपल्याकडे पाय सुजला की तेल गरम करतात!

आणि गंमत बघा, आपला सव्वा महिना आणि डॉक्टरांचे ४२ दिवस जवळपास सारखेच. मातामृत्यू मोजताना बाळंतपणानंतरचे ४२ दिवसही धरतात. २०१८-२० च्या सरकारी आकड्यांत आपल्या मध्य प्रदेशात एक लाख जिवंत जन्मांमागे १७३ आया गेल्या, महाराष्ट्रात ३३. आपल्याकडे नव्वद टक्के बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली तरी हे. म्हणजे दवाखान्याच्या दारापर्यंत पोचलो, दारातून घरी आल्यावर बघणारं कोण? सरकारी योजनेत आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायच्या असतात. आमच्या फ्लॅटवर कुणी आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्या यायच्या असतात हे ठाऊक नव्हतं.

दूध निसर्ग शिकवतो, हे अर्धं खरं. दूध तयार निसर्ग करतो, पाजायला दोघांनाही शिकावं लागतं. बाळाने नुसती बोंडी धरली की चिरा पडतात, आई रडते, आणि कुणीतरी म्हणतं हिला दूधच नाही, आणा डबा. बाळाच्या तोंडात भोवतालचा काळा भाग जायला हवा, हे दाखवायला पाच मिनिटं लागतात पण दाखवणारं माणूस हवं. देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात आणि पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के, हे एनएफएचएस-५ चे, म्हणजे सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे. चीक पिळून टाकणं आणि मध चाटवणं अजून चालूच आहे, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको.

चोचले हा शब्द वाचून मात्र डोकं फिरलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येतं, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत आपोआप जातं. त्यानंतरही राहिलं, झोप मिळत असून लागत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, तर ते वेगळं, ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन, आणि त्यावर उपचार आहेत. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१७ मध्ये आला, त्यात प्रमाण २२ टक्के निघालं. पाचात एक. आपल्या भिशीत वीस बायका आहेत, करा हिशोब. ते ओळखायला एडिनबर्ग स्केल म्हणून दहा प्रश्नांचा कागद १९८७ पासून जगभर वापरतात, शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करायचा विचार आला का. आपल्याकडे बाळंतिणीला भेटायला येणारी दहा माणसं बाळ कुणावर गेलंय ते सांगतात, तुला कसं वाटतंय हे एकजण विचारत नाही.

फॉरेनचं फॅड? गडचिरोली फॉरेनमध्ये आहे का? डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथे ३९ गावांत गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं, नवजात मृत्यू साधारण ६२ टक्क्यांनी खाली आले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने छापलं. आशाताईंच्या त्या भेटी तिथूनच पुढे आल्यात.

धंदा म्हणाल तर हो, आहे थोडा. दोन दिवस झूमवर बसवून सर्टिफिकेट वाटणारे आहेत, त्यांना मीही पैसे देणार नाही. कुणाला ठेवायचं असेल तर एवढंच विचारा, बाळंतिणीला कुठल्या लक्षणांवर लगेच दवाखान्यात पाठवाल? अडखळली तर सोडा.

आत्या, रागावू नका. तुमच्या सुनेची तारीख पुढच्या महिन्यात आहे. डिंकाचे लाडू मी करून आणते, आणि सोबत एक कागद, तो फ्रिजवर लावा: तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, घाण वास येणारा स्राव, न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांसमोर चमक, एकच पाय सुजणं, दम लागणं, झटका, स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटणं. यातलं एकही झालं तर कान बांधत बसायचं नाही, गाडी काढायची. मावशींना मी तो वाचून दाखवलाय, त्यांनी त्याचा फोटो काढून घेतला.