‘इंजिन लागलं म्हणजे काम झालं’ : जुन्या पिकअपबद्दलचा चुकीचा सल्ला

जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांना सध्या एक सल्ला हटकून पुढे पाठवला जातो. गाडी घरी आली की बॅटरी जोडा, सेल्फ मारा. इंजिन लागलं की मोठं काम संपलं, बाकी ब्रेक, वायरिंग आणि पत्रा घरच्या घरी दोन सुट्ट्यांत उरकतो. हा सल्ला म्हणजे आधी कळस मग पाया. त्यापायी चांगली इंजिनं खराब होतात आणि ब्रेक नसलेल्या गाड्या गल्लीत येतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासू. उदाहरणाला आपल्याकडे अजून सापडणारी विलीस या अमेरिकन जीप कंपनीच्या बांधणीची महिंद्रा पिकअप घेऊ: ‘हरिकेन’ नावाचं 2.2 लिटरचं चार सिलिंडरी पेट्रोल इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक.

‘बॅटरी जोडा आणि सेल्फ मारून बघा.’

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला पहिला फेरा हातानेच द्यायचा. हरिकेनमध्ये इनटेक (मिश्रण आत घेणारे) व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट (धूर सोडणारे) व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. दोन्हीकडचे व्हॉल्व्ह गंजून गाइडमध्ये, म्हणजे ज्या नळीत ते सरकतात तिच्यात, अडकतात. अशा वेळी सेल्फ मारला तर वरच्या बाजूला पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारी सळई) वाकतो, खालचा व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मिळत नाही. मग लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात.

चारही प्लग काढा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन निम्मंनिम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये 30 ते 40 मिली सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. हे मिश्रण पेट घेतं, त्यामुळे जवळ ठिणगी नको. मग गिअर न्यूट्रल, इग्निशन बंद, आणि इंजिनाला पुढून लावायच्या हँडलने हलकेच फिरवून पाहा. अडलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडा. हँडल धरताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटा झटका बसला तर मनगट वाचतं.

इंजिन मोकळं फिरू लागलं की एक्झॉस्टच्या बाजूचं व्हॉल्व्हचं झाकण काढून चारही व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते डोळ्यांनी पाहा. जुनं ऑइल काढताना आधी पाणी आलं, तर हेड गॅस्केट किंवा ब्लॉकची शंका घ्या. नवं ऑइल भरून प्लग न लावता, कॉइलची वायर काढून, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत सेल्फ थोडा थोडा मारा. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊणपटीखाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप 0.5 मिमी, प्लगचा 0.75 मिमी, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) 1-3-4-2.

‘टाकीतल्या जुन्या पेट्रोलमध्ये नवं मिसळलं की चालतं.’

चालत नाही. जुन्या पेट्रोलचा डिंक आणि टाकीतला गंज थेट कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत, जेटमध्ये, जाऊन बसतो. आता बहुतेक पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुना थर सोडवतं, पाणी ओढतं आणि फ्युएल पंपाचा जुना डायफ्राम (रबरी पडदा) व नळ्यांचं रबर खाऊन टाकतं. पहिल्यांदा इंजिन लावताना दोन लिटरचा वेगळा कॅन वापरा. डायफ्राम आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्या. रिकाम्या टाकीला वेल्डिंग किंवा ग्राइंडर कधीही लावू नका. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

‘ब्रेक पेडल पंप करत राहा, ऑइल भरून हवा काढली की झालं.’

सगळ्यात घातक मुद्दा हाच. या गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट असतं. कुठलीही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात.

पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनचं रबर नेहमी ठरावीक पट्ट्यातच सरकतं. त्यापुढचा भाग ऑइलमधल्या पाण्याने गंजलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की रबराची कड त्या खडबडीत भागावर फाटते. पंप केल्यावर ‘कालपर्यंत लागत होता, आज पेडल खाली जातं’ म्हणतात, ते यामुळे. म्हणून हवा काढण्याआधी मास्टर आणि चारही व्हील सिलिंडर खोला. बोअरमध्ये नखाला लागणारे खड्डे असतील तर नवे सिलिंडर घ्या, नुसतं रबरांचं किट टाकू नका. रबरी भाग पेट्रोलने किंवा डिझेलने धुवू नका, ते फुगतात. धुवायला ब्रेक ऑइलच वापरा. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे हवेच्या पाइपने उडवू नका. पाण्याने ओली करून फडक्याने पुसा.

रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतात पण आतून सुजलेले असतात. ऑइल जातं, परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. पेडलला साधारण 12 मिमी मोकळी चाल ठेवा. नसेल तर मास्टरचं परतीचं छिद्र उघडत नाही आणि गाडी गरम होईल तसा ब्रेक धरत जातो. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीत हवा मागच्या डाव्या चाकापासून काढायला सुरुवात करा, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

हँडब्रेकवर विसंबू नका. फोर-व्हील ड्राइव्ह विलीसमध्ये तो चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) ड्रमवर असतो. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) गळत असेल तर त्या ड्रमवर ऑइल येतं आणि तो पकडत नाही. शिवाय मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे दुसरं मोकळं फिरतं आणि गाडी सरकते. चाकाला लाकडी ठोकळे लावा, आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना, घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवल्याशिवाय तिच्याखाली शिरू नका.

‘फ्यूज उडत असेल तर मोठा घाला.’

मोठा फ्यूज घातला की फ्यूजऐवजी वायर जळते. 60 वॅटचे दोन हेडलाइट 12 व्होल्टवर 10 अँपिअर घेतात, त्यांना 15 चा फ्यूज पुरतो. उडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. जुन्या वायरचं कापडी वेष्टण बोटाने वाकवलं की भुगा होतो. तसं झालं तर पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरिंगचा जुडगा, बदला. बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा.

‘गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज निष्क्रिय करणारं रसायन) मारून पुट्टी भरली की पत्रा नवा.’

पुट्टी पाणी शोषते, म्हणून गंज आतून वाढत राहतो आणि पावसाळ्यानंतर फुगवटा वर येतो. पत्र्याला आणि चासीला टोकदार स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. पत्र्यात आत गेला तर तेवढा भाग कापून 18 गेजचा पत्रा वेल्ड करा; चासीला एवढा पातळ पत्रा चालत नाही, तिच्याच जाडीचं पोलाद लागतं. एका दमात लांब वेल्ड मारला तर पत्रा वाकतो, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे वेगवेगळ्या जागी मारा. मग इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर जास्तीत जास्त दोन-तीन मिमी पुट्टी.

‘50 वर्षं झालीत, विंटेज नंबर घेतला की रोज वापरा.’

2021 च्या केंद्रीय नियमांत 50 वर्षांहून जुन्या खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी आहे. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण ही गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला परवानगी नाही. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा अशीही अट आहे. म्हणून चासीला ग्राइंडर लावण्याआधी चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहा, त्यांचे फोटो काढा आणि आरटीओत विचारून घ्या.